आकाशवाणीची बदलती रूपे आणि गावचा श्रोता



वळसंग हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचे जाणते गाव. घरात कानडी, बाजारात मराठी आणि सोलापूरच्या यंत्रमागांच्या पेठेत गेले की तेलुगू, अशी भाषांची ये-जा या पट्ट्याला पिढ्यान्‌पिढ्या सवयीची आहे. या गावाच्या इतिहासात एका विहिरीला मानाचे स्थान आहे. दलित समाजाने स्वतःच्या श्रमाने खोदलेली ही विहीर १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हस्ते खुली झाली. पाणी सर्वांचे असते. मात्र ते भरण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न माणसांनाच सोडवावा लागतो, याची साक्ष ती विहीर देते.

आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींची गोष्ट याहून फार वेगळी नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे या देशात रेडिओ सुरू होऊन ६७ वर्षे उलटल्यावर लहरींच्या मालकाचे नाव स्पष्टपणे सांगितले गेले. तोवर त्या लहरींवरून काय ऐकवायचे, कोणत्या भाषेत, किती वेळ आणि कोणाच्या सोयीने, हे कधी कंपनीने ठरवले, कधी सरकारी खात्याने, कधी एखाद्या मंत्र्याने, तर कधी जाहिरातदाराने. ज्याच्यासाठी हे सारे चालले, त्या श्रोत्याला क्वचितच विचारले गेले. आणि तरीही, ज्या ज्या वेळी श्रोता बोलला, त्या त्या वेळी रेडिओ वाचला किंवा सुधारला. आज मध्यम लहरींवरची केंद्रे एकामागून एक शांत होत असताना हा इतिहास उजळून पाहणे आवश्यक आहे.

कंपनीची करमणूक, सरकारचे खाते

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’च्या केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. प्रक्षेपक अवघ्या दीड किलोवॉटचा होता आणि त्याचा भरवशाचा टप्पा मुंबईच्या आसपास तीसएक मैलांचा. रेडिओ संच महाग, त्यावर सरकारी परवान्याची फी निराळी. साहजिकच कार्यक्रमांचा साचा शहरातल्या सुखवस्तू घरांकडे पाहून बसवलेला होता. काही वेळ युरोपीय संगीत, काही वेळ हिंदी संगीत, थोडी भाषणे, थोड्या बातम्या. तीन वर्षे होत आली तरी साऱ्या देशातील परवान्यांची संख्या आठ हजारांच्या आत राहिली. १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली.

१ एप्रिल १९३० पासून सरकारने केंद्रे आपल्या हाती घेतली. हा काळ सोलापूरकरांच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यानंतर पुढच्याच महिन्यात, मे १९३० मध्ये, सोलापूरने सत्याग्रहाच्या पर्वात इंग्रजी सत्तेला असे आव्हान दिले की शहरात लष्करी कायदा पुकारावा लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघे फासावर गेले. परकीय सरकारच्या रेडिओकडून या हौतात्म्याचे गुणगान होणे शक्यच नव्हते. ती गाथा माणसांच्या तोंडून गावोगाव गेली. रेडिओचे यंत्र आणि समाजाचे मन यांत किती अंतर असू शकते, याचा हा पहिला धडा होता.

दुसरा धडाही त्याच काळातला. तोट्याचे कारण सांगून सरकारने ऑक्टोबर १९३१ मध्ये नभोवाणी बंद करण्याचे ठरवले. मुंबई आणि कोलकात्याचे श्रोते, तसेच ज्यांचा माल दुकानांत पडून राहणार होता ते रेडिओ विक्रेते, यांनी मोठी ओरड केली. निर्णय मागे घ्यावा लागला आणि मे १९३२ मध्ये ही सेवा कायम चालू ठेवण्याचे ठरले. हातात सत्ता नसलेल्या, संख्येने थोड्या असलेल्या श्रोत्यांनी परकीय सरकारला एक निर्णय फिरवायला लावला. आकाशवाणीचा पुढचा सारा इतिहास या घटनेवर उभा आहे.

१९३५ साली लायोनेल फील्डन हे बीबीसीतील अधिकारी भारतात आले आणि ८ जून १९३६ पासून ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. ‘आकाशवाणी’ हे नाव मात्र दिल्लीचे नव्हे. म्हैसूरमध्ये १९३५ साली डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी स्वतःच्या हौसेने केंद्र सुरू केले, तिथले ते नाव. पुढे तेच साऱ्या देशाने स्वीकारले. एका प्राध्यापकाच्या घरगुती उद्योगातून राष्ट्रीय संस्थेला नाव मिळावे, ही गोष्ट स्थानिक प्रयत्नांना कमी लेखणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी अशी आहे.

१९४२ मध्ये सरकारी केंद्र युद्धाच्या प्रचारात गुंतलेले असताना, त्याच मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. जागा बदलत, पोलिसांना चकवत चाललेले हे प्रक्षेपण नोव्हेंबर १९४२ मध्ये पकडले गेले. तिकडे बर्लिनहून सुभाषबाबूंचा आवाज आझाद हिंद रेडिओवरून येत होता. लोक कान लावून ऐकत होते ते या आवाजांना. सरकारी प्रक्षेपकाची ताकद कितीतरी मोठी होती, पण श्रद्धा किलोवॉटमध्ये मोजता येत नाही.

पुणे केंद्र : ऐकणारे केंद्र

स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आली. महाराष्ट्रातले त्यांपैकी एकच, मुंबई. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र. सोलापूरच्या ग्रामीण भागाला खऱ्या अर्थाने आपला वाटावा असा पहिला आवाज पुण्याचा. त्याची कारणे शोधली तर दोन गोष्टी हाती लागतात.

पहिली गोष्ट ‘गीतरामायण’. १ एप्रिल १९५५, रामनवमीचा दिवस. सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून, ग. दि. माडगूळकर यांच्या शब्दांतून आणि सुधीर फडके यांच्या संगीतातून दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर ५६ गीते सादर झाली. माडगूळकर माणदेशचे, म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या शेजारचे. फडके हे दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात १९५४ साली प्रत्यक्ष उतरलेले स्वयंसेवक. चित्रपटांतले दोन यशस्वी कलावंत एका सरकारी केंद्रासाठी रामकथा रचतात आणि रेडिओसमोर फुले वाहून, उदबत्ती लावून घरेच्या घरे ऐकायला बसतात, हे दृश्य त्या पिढीने पाहिले. मराठी माणसाच्या मनात जे आधीपासून होते, ते केंद्राने ओळखले. कीर्तन, आख्यान, ओवी यांच्या संस्कारात वाढलेल्या श्रोत्याला नव्या यंत्रातून जुनी ओढ भेटली. नव्या साधनाला आपल्या संस्कृतीची भाषा बोलायला लावले, तर समाज ते साधन घरातले मानतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

दुसरी गोष्ट तितकीच मोलाची, पण कमी आठवली जाणारी. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ‘ग्रामीण श्रोता मंडळ’ हा प्रयोग केला. पश्चिम महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांमधील सुमारे १५० गावांत मंडळे स्थापन झाली. गावातली वीसेक माणसे आठवड्यातून दोनदा एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न पुण्याला लिहून पाठवत. पुढच्या कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे येत. कॅनडातील शेतकऱ्यांच्या श्रोता मंडळांवरून ही कल्पना आली होती आणि ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे तिचे सूत्र होते. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल नॉयराथ यांनी प्रयोगाचे मूल्यमापन केले. मंडळे असलेल्या गावांतील माणसांच्या ज्ञानात इतर गावांच्या मानाने ठळक भर पडली, असे त्यात दिसून आले. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली.

त्याच पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकर यांनी अनेक वर्षे काम केले. ज्याच्या लेखणीला माणदेशातल्या मेंढराची आणि बाभळीची ओळख आहे, असा माणूस शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमाची आखणी करतो, तेव्हा भाषा आपोआप बदलते. खत, बियाणे, कीड यांविषयीची माहिती पत्रकासारखी वाचली न जाता चावडीवरच्या गप्पांसारखी येते. तमिळनाडूत, तंजावरच्या मुलखात, रेडिओवरून माहिती मिळालेल्या भाताच्या एका सुधारित वाणाला शेतकऱ्यांनी ‘रेडिओ भात’ असेच नाव दिले होते. पिकाला साधनाचे नाव पडावे, इतका तो विश्वास होता.

मंत्र्यांचा आग्रह आणि श्रोत्याचा काटा

याच काळात दिल्लीत एक निराळे प्रकरण घडत होते. डॉ. बाळकृष्ण केसकर हे पुण्यात जन्मलेले विद्वान गृहस्थ १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती. संस्थाने विलीन झाल्यावर राजाश्रय गमावलेल्या गवयांना आकाशवाणीने आधार दिला, १९५२ पासून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला, हे केसकरांच्या काळाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. जिल्ह्याच्या गावी बसलेल्या मुलाला थोर गायकांचे गाणे घरबसल्या ऐकायला मिळाले, ही लहान गोष्ट नव्हती.

पण त्याच भरात चित्रपटगीतांना आकाशवाणीचे दार जवळजवळ बंद करण्यात आले. परिणाम काय झाला? श्रोत्याने सभा घेतली नाही, मोर्चा काढला नाही. त्याने फक्त काटा फिरवला. तो थेट रेडिओ सिलोनवर जाऊन थांबला. १९५२ च्या अखेरीस अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठ वाजता भारतातली घरे परदेशी केंद्र ऐकू लागली. भारतीय व्यापाऱ्यांच्या जाहिरातींचा पैसाही तिकडेच वळला. हेतू शुद्ध होता, पण समाजाची अभिरुची हुकमाने घडवता येत नाही. ‘गीतरामायण’ ऐकणारा आणि ‘बिनाका’ ऐकणारा श्रोता पुष्कळ घरांत एकच होता. रामकथेत तन्मय होणारा माणूस संध्याकाळी एखादे हलके गाणे गुणगुणला, तर त्याचे संस्कार बुडत नाहीत, एवढा विश्वास त्याच्यावर टाकायला हवा होता.

शेवटी सरकारला आपला पवित्रा बदलावा लागला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. पंडित नरेंद्र शर्मा यांच्यासारख्या कवीकडे तिची धुरा होती. चित्रपटसंगीत आले, पण निवेदनाची भाषा स्वच्छ राहिली. सैनिकांसाठी ‘जयमाला’सारखे कार्यक्रम आले. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. हे आणखी एक स्थित्यंतर होते. वेळेला आता किंमत आली आणि दहा सेकंदांचाही हिशेब होऊ लागला.

मुंबई केंद्रावर ‘प्रपंच’सारख्या मालिकांतून मध्यमवर्गीय घराचे सुखदुःख रंगले. नीलम प्रभू, बाळ कुडतरकर यांचे आवाज घरातल्या माणसांसारखे झाले. ‘कामगार सभा’, ‘वनिता मंडळ’, ‘आपली आवड’ ही नावे दिवसाच्या वेळापत्रकाचा भाग बनली. सकाळी पुण्याहून प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या आणि सुधा नरवणे यांचा आवाज आला, की शाळेच्या तयारीला वेग येई. ट्रान्झिस्टरमुळे रेडिओ दिवाणखान्यातून बाहेर पडून बैलगाडीत, मळ्यात, मागाच्या शेजारी आणि विडी वळणाऱ्या भगिनींच्या सुपाजवळ आला. हात कामात आणि कान मोकळे, ही कष्टकऱ्याची स्थिती रेडिओला जितकी मानवते, तितकी दुसऱ्या कोणत्याही माध्यमाला मानवत नाही.

आणीबाणीचा धडा

२६ जून १९७५ रोजी सकाळी आकाशवाणीवरूनच देशाला आणीबाणीची बातमी कळली. त्यानंतरचे जवळजवळ एकवीस महिने या संस्थेच्या इतिहासातले सर्वांत केविलवाणे. विरोधी पक्षांचे नेते, संघाचे आणि अन्य संघटनांचे हजारो कार्यकर्ते कारागृहात होते आणि रेडिओवर वीस कलमी कार्यक्रमाच्या यशोगाथा चालू होत्या. सरकारच्या प्रचाराला साथ न दिल्याबद्दल किशोरकुमार यांची गाणी मे १९७६ पासून आकाशवाणी-दूरदर्शनवरून बंद करण्यात आली. गाण्याची चाल कोणाला आवडते, यापेक्षा गाणारा कोणाला आवडत नाही, हा निकष ठरला.

श्रोत्याने पुन्हा जुनाच मार्ग धरला. खरी बातमी हवी असेल तर रात्री दार लावून बीबीसी लावायचे, हे खेड्यातल्या माणसालाही समजले. स्वतःच्या देशाची बातमी परदेशी केंद्रावरून घेण्याची पाळी यावी, याहून राष्ट्रीय संस्थेची मोठी नामुष्की कोणती?

१९७७ मध्ये जनता सरकार आले. लालकृष्ण अडवाणी माहिती व नभोवाणी मंत्री झाले. प्रसारमाध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका निघाली आणि बी. जी. व्हर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ या स्वायत्त न्यासाची शिफारस केली. ते सरकार टिकले नाही. प्रसार भारती कायदा संमत व्हायला १९९० उजाडले आणि तो अमलात यायला १९९७. शहाणपण सुचायला आणीबाणी लागली आणि ते कागदावरून खाली उतरायला वीस वर्षे लागली. आपल्या विचाराचे सरकार असो वा विरुद्ध विचाराचे, लहरींवर एकट्या सत्तेचा ताबा असणे घातक, हा आणीबाणीचा धडा सर्वांनीच आणि सर्वकाळ लक्षात ठेवायचा आहे.

काट्याचे शेवटचे घर

सोलापूरला स्वतःचे केंद्र पुष्कळ उशिरा मिळाले. तोवर या भागातला काटा पुणे, सांगली, मुंबई यांच्याबरोबरच धारवाड, कलबुर्गी आणि हैदराबादकडेही फिरत असे. ज्याची आई कानडी ओवी म्हणते आणि मुलगा मराठी शाळेत जातो, त्या घराला यात वावगे वाटले नाही.

आकाशवाणीने राष्ट्रीय, प्रादेशिक आणि स्थानिक असे तीन थर मानले. ३० ऑक्टोबर १९८४ रोजी तमिळनाडूत नागरकोईल येथे पहिले स्थानिक केंद्र सुरू झाले. स्थानिक केंद्राची कल्पना अशी, की आसपासच्या जिल्ह्याचे प्रश्न त्या जिल्ह्याच्या बोलीत, तिथल्याच माणसांच्या तोंडून मांडावेत. सोलापूरच्या केंद्राला मध्यम लहरींवर १६०२ किलोहर्ट्झ ही जागा मिळाली आणि प्रक्षेपक एक किलोवॉटचा. भारतात मध्यम लहरींचा पट्टा ५३१ पासून सुरू होतो आणि १६०२ हे त्याचे शेवटचे घर. म्हणजे काटा पार टोकाला नेल्याशिवाय सोलापूर लागत नसे. प्रक्षेपकाची शक्ती तर १९२७ च्या मुंबई केंद्रापेक्षाही कमी.

यामागचे विज्ञान समजून घेण्यासारखे आहे. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात. ओलावा धरणाऱ्या काळ्या रानात त्या बऱ्या पोहोचतात, खडकाळ माळावर लवकर विरतात. कंप्रता जितकी जास्त, तितकी ही भूलहर लवकर थकते. रात्री वातावरणाच्या वरच्या थरांतून त्या परावर्तित होतात आणि शेकडो मैल दूर जातात; म्हणूनच रात्री दूरची केंद्रे ऐकू येतात आणि जवळच्या केंद्रावर त्यांची खरखर चढते. सोलापूरचे केंद्र अशा रीतीने दिवसाचे आणि जवळच्यांचे केंद्र होते. वळसंगसारखी शहरालगतची गावे हाच त्याचा हक्काचा श्रोतृवर्ग. उणीव म्हणून पाहिले तर ही मर्यादा. उद्देश म्हणून पाहिले तर हेच त्याचे सामर्थ्य. मुंबईच्या केंद्राला साऱ्या राज्याशी बोलावे लागते. जिल्ह्याचे केंद्र सिद्धेश्वराच्या गड्ड्याविषयी, ज्वारीवरच्या किडीविषयी, बोरी-सीनेच्या पाण्याविषयी बोलू शकते. हुरडा कधी निघतो, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

१९९० नंतर पुन्हा चक्र फिरले. घरोघरी दूरचित्रवाणी आली. १९९३ पासून एफएमवरील वेळ खासगी संस्थांना देण्यास सुरुवात झाली आणि २००१ मध्ये खासगी एफएम केंद्रे सुरू झाली. काही वर्षांत सोलापुरातही ती आली. आवाज स्वच्छ, गाणी ताजी, निवेदकाची बडबड अखंड. पण या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही आणि खेड्यातला शेतकरी हा त्यांच्या जाहिरातदाराचा लाडका ग्राहक नाही. आकाशवाणीने २००४ साली ‘किसानवाणी’सारखा कार्यक्रम आणला तो याच पोकळीसाठी. ३ ऑक्टोबर २०१४ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘मन की बात’ सुरू केली, तेव्हा अनेकांनी कोनाड्यातला रेडिओ पुन्हा पुसून घेतला. त्या कार्यक्रमासाठी देशभरातून पत्रे आणि ध्वनिसंदेश जातात, हे त्याचे वैशिष्ट्य श्रोता मंडळांच्या जुन्या सूत्राची आठवण करून देणारे आहे.

आता प्रश्न गावाचा

गेल्या काही वर्षांत मध्यम लहरींचे अनेक जुने प्रक्षेपक बंद झाले. कारणे खरी आहेत. हे प्रक्षेपक वीज फार खातात, उंच मनोरे आणि विस्तीर्ण जागा मागतात, सुटे भाग मिळत नाहीत. एफएमचा विस्तार होत आहे. २८ एप्रिल २०२३ रोजी एकाच दिवशी देशात ९१ नव्या एफएम प्रक्षेपकांचे उद्घाटन झाले. भ्रमणध्वनीवरच्या ‘न्यूज ऑन एआयआर’ या उपयोजनावर देशभरची केंद्रे ऐकता येतात. तंत्र बदलते, त्याला विरोध करण्यात अर्थ नाही. मध्यम लहरींच्या खरखरीवर कोणी हळवे होऊन बसावे, असेही नाही.

काळजीची बाब वेगळी आहे. तंत्र बदलताना कार्यक्रमही बदलतो आणि बहुधा सर्वांत आधी कापला जातो तो स्थानिक वेळ. एका ठिकाणचा कार्यक्रम दहा ठिकाणी सहक्षेपित करणे स्वस्त पडते. मग गावचा गायक, गावचा शेतकरी, गावची बोली हळूहळू प्रक्षेपणातून नाहीशी होते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरकडे देण्याचा आदेश निघाला. श्रोते, पत्रकार आणि लोकप्रतिनिधी बोलले. काही दिवसांतच आदेशाला स्थगिती मिळाली. १९३१ मध्ये जे घडले, तेच ९२ वर्षांनी पुन्हा घडले. फरक इतकाच, की या वेळी सरकार स्वकीयांचे होते आणि म्हणून ते लवकर ऐकते, असा विश्वास ठेवायला जागा मिळाली.

आपत्तीच्या वेळी या प्रश्नाचे गांभीर्य कळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिवची गावे उद्ध्वस्त केली आणि सोलापूर जिल्ह्यालाही हादरा बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या महापुराने याच जिल्ह्यातली गावे पाण्याखाली गेली. वीज गेली, मनोरे बंद पडले, रस्ता तुटला, तरी दोन सेलवर चालणारा संच बोलत राहतो. पण तो काय बोलणार, हे जिल्ह्याच्या केंद्रात जिल्ह्याची माणसे आहेत की नाहीत, यावर ठरते. दूरच्या शहरातून येणाऱ्या गाण्यांचा त्या रात्री उपयोग नाही.

मग गावाने काय करावे? पहिले काम साधे आहे : ऐकावे आणि कळवावे. केंद्राला पत्र लिहिणारा श्रोता ही आकाशवाणीची खरी नोंदवही आहे. पत्रे येणे थांबले की कार्यक्रम थांबवणाऱ्याचे काम सोपे होते. दुसरे, गावातल्या शाळा, वाचनालये, महिला बचत गट यांनी श्रोता मंडळाची जुनी रीत पुन्हा सुरू करावी. त्यासाठी आज युनेस्कोची गरज नाही. तिसरे, जुन्या ओव्या, हलगी-लेझीमचे ताल, माग चालवतानाची गाणी, कानडी आणि मराठी मिश्रित म्हणी वयोवृद्धांकडून मुद्रित करून ठेवाव्यात आणि केंद्राकडे द्याव्यात. चौथे, २००६ च्या धोरणानुसार शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्रे आणि ना-नफा संस्था यांना सामुदायिक रेडिओ चालवता येतो. शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग’ने दुष्काळी भागातल्या महिलांना हाती ध्वनिक्षेपक दिला. दक्षिण सोलापुरात असे का होऊ नये?

लहरी सार्वजनिक आहेत, हे न्यायालयाने सांगून तीन दशके झाली. वळसंगच्या विहिरीचे पाणी सर्वांना मिळाले, ते कोणीतरी आधी घाम गाळून ती खणली म्हणून. जिल्ह्याच्या आवाजासाठीही कोणालातरी कुदळ हाती घ्यावी लागेल. आरंभ एका पोस्टकार्डाने झाला तरी चालेल. त्यावर केंद्राचा पत्ता असावा, गावाचे नाव असावे, आणि वळसंगकरांना काय ऐकायचे आहे ते स्पष्ट अक्षरांत लिहिलेले असावे.